घनाच्या गोळ्या पावसाळ्यातच का बिघडतात?

प्रश्न चिंचवडच्या एका वैद्यांचा आहे. शतावरी, गुळवेल आणि आवळा यांचे स्प्रे-ड्राय केलेले कोरडे घन (म्हणजे काढा गरम हवेत फवारून वाळवलेली पावडर) सारख्या प्रमाणात घेऊन ते ६०० मिलिग्रॅमची गोळी करतात. त्यात ४५० मिलिग्रॅम घन, बाकी स्टार्च, थोडं टाल्क आणि मॅग्नेशियम स्टिअरेट. स्टार्चची खळ करून पाण्यावर दाणे पाडायचे, ट्रे ड्रायरमध्ये वाळवायचे आणि छोट्या रोटरी मशिनवर गोळ्या काढायच्या, अशी पद्धत. हिवाळ्यात काम नीट झालं. जुलैत गोळ्या पंचाला (गोळी दाबणाऱ्या धातूच्या दांड्याला) चिकटायला लागल्या, ज्या निघाल्या त्या पाण्यात पाऊण तास ढिम्म हलेनात, आणि स्ट्रिपमध्ये भरलेल्या महिनाभरात काळपट, मऊ पडल्या. आता त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत: बाइंडर (दाणे एकत्र धरणारं चिकट द्रव्य) कोणता बदलू, आणि बिघडलेला माल दळून पुन्हा दाबता येईल का.

बाइंडर बदलून काहीही होणार नाही. तुमच्या गोळीत बाइंडर गरजेपेक्षा जास्तच आहे, कारण घन स्वतःच बाइंडर आहे. शतावरीच्या पाण्यातल्या घनात साखरा आणि सॅपोनिन, आवळ्यात टॅनिन आणि आम्लं, गुळवेलीत पिष्ट आणि बुळबुळीत पदार्थ. यांना एकत्र धरून ठेवायला खळ कशाला लागते? तुमच्या तिन्ही तक्रारी मला एकाच जागेवरून निघालेल्या दिसतात. घन ओलावा ओढतोय, आणि तो कुठे, किती ओढतोय याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. म्हणून उत्तर बाइंडरचं न देता पाण्याचं देतो.

आधी घन म्हणजे नक्की काय ते पाहू. औषधाची रासायनिक पावडर बहुतेकदा स्फटिकरूप असते. ती ओलावा घेते तो वरवरचा, आणि कुटली तरी दाणा दाणाच राहतो. काढा आटवून किंवा फवारून वाळवलेला घन स्फटिक नसतो. तो काचेसारखा असतो, दिसायला कोरडा आणि ठिसूळ, पण एका ठराविक तापमानाच्या वर गेला की रबरासारखा चिवट होणारा. पाणी शिरलं की हे तापमान खाली येतं. कोरड्या घनाला जे ७०-८० अंशांवर होईल ते ओलावा घेतलेल्या घनाला ३५-४० अंशांवर होऊ शकतं, आणि तासभर चाललेल्या मशिनचे पंच घर्षणाने तेवढे सहज तापतात. पहिली दहा मिनिटं गोळ्या छान येतात आणि मग चिकटायला लागतात, असा अनुभव तुम्हालाही आला असेल. फॉर्म्युला तोच असतो, पंच तेवढा गरम झालेला असतो.

त्यात पुण्याची हवा. एप्रिलच्या दुपारी इथली आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली उतरते, जुलै-ऑगस्टमध्ये ८०-९० टक्क्यांवर बसते. एकाच गावात वर्षभरात इतका फरक पडतो, म्हणून इथल्या छोट्या कारखान्यांत 'डिसेंबरात जमलं होतं' हे वाक्य फार ऐकू येतं. एप्रिलात याच्या उलट होतं. दाणे इतके कोरडे पडतात की गोळीची टोपी उडते, म्हणजे वरचा पापुद्रा सुटा होतो. तेव्हा बाइंडर वाढवला जातो आणि तोच वाढलेला बाइंडर जुलैत गळ्याशी येतो.

कारखाना न पाहता काही गोष्टी मला सांगता येणार नाहीत. तुमच्या घनात वाहक (काढा फवारताना मिसळलेली भर) म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन किती आहे, मशिनची खोली किती दमट आहे, आणि 'स्ट्रिप' म्हणजे तुम्ही दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम म्हणताय की पारदर्शक प्लॅस्टिकचा ब्लिस्टर, या तिन्हींवर बरंच काही अवलंबून आहे. वाहक किती हे घरी कळणार नाही, पण घन ओलावा किती ओढतो ते घरीच तपासता येतं, खर्च जवळजवळ नाही.

रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या दोन बरण्या घ्या. एकीच्या तळाला खायचं मीठ आणि थोडंसं पाणी घालून चिखलासारखा लगदा करा, दुसरीत तसाच मॅग्नेशियम क्लोराइडचा. झाकण लावलं की खोलीच्या तापमानाला पहिल्या बरणीतली हवा साधारण ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर होते आणि दुसरीतली ३३ टक्क्यांच्या आसपास. प्रत्येकीत लगद्याला न टेकेल अशा उंचीवर काचेच्या छोट्या बशीत एक ग्रॅम घन ठेवा, वजन तीन दशांशांपर्यंत लिहून. तिन्ही घनांची चाचणी वेगवेगळी करा, मिश्रणाची नको. दुसऱ्या दिवशी परत वजन करा आणि काचेच्या कांडीने हलवून पाहा. माझा अंदाज असा की मिठाच्या बरणीतली शतावरी काकवीसारखी झालेली असेल, गुळवेलीचा खडा झालेला असेल आणि आवळा या दोघांच्या मध्ये कुठेतरी. महत्त्वाची आहे ती दुसरी बरणी. ३३ टक्क्यांत पावडर मोकळी राहिली तर घन वापरण्याजोगा आहे, खोली सुधारा. तिथेही गुठळी झाली तर खोलीवर कितीही खर्च केला तरी उपयोग नाही, घनच बदलावा लागेल.

घन बदलायचा म्हणजे पुरवठादाराशी नीट बोलायचं. '१०:१' एवढं ऐकून माल घेऊ नका. दहा किलो वनस्पतीचा एक किलो, पण कशात काढलेला? नुसत्या पाण्यात की पाणी-अल्कोहोलमध्ये? त्या एका किलोत मूळ घन किती आणि वाहक किती? माल्टोडेक्स्ट्रिन घातलं की घन कमी चिकटतो, कारण त्याचं मऊ पडण्याचं तापमान वर जातं. त्यामुळे ते घालणं ही लबाडी नव्हे, लपवणं ही लबाडी. तीस टक्के वाहक असेल तर तुमच्या ४५० मिलिग्रॅममध्ये खरा घन ३१५ मिलिग्रॅमच आहे, आणि मात्रा ठरवताना हे वैद्याला माहीत हवं. सोबत शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा यांचा अहवाल मागा. आयुर्वेदिक फार्माकोपियातल्या मर्यादा अनुक्रमे १०, ३, ०.३ आणि १ पीपीएम आहेत. घन करताना वनस्पती आटते तशा तिच्यातल्या नको त्या गोष्टीही आटू शकतात, म्हणून चूर्णाचा अहवाल घनाला चालत नाही. आणि घन तुम्ही स्वतः करत असाल, पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून गुळवेल-शतावरी आणत असाल, तर निदान मोठ्या खरेदीचा नमुना ओळख पटवायला आघारकर संशोधन संस्थेत किंवा बोटॅनिकल सर्व्हेच्या इथल्या केंद्रात दाखवून घ्या.

आता तुमची पद्धत. पाण्यावर दाणे पाडणं हा या प्रकरणातला मूळ घोळ आहे. ७५ टक्के घन असलेल्या मिश्रणात खळ ओतली की पहिल्या मिनिटाला काही होत नाही, दुसऱ्या मिनिटाला मिक्सरच्या पात्याभोवती गोळा होतो, आणि तो चाळणीतून घासून काढावा लागतो. बाहेर आलेले दाणे वरून वाळतात आणि आत ओले राहतात. ट्रे ड्रायरमधून काढलेला मोठा दाणा चिमटीत फोडून पाहा, आत गडद, चकचकीत ठिपका दिसेल. तो ओलावा नंतर ड्रममध्ये सगळ्या मालात पसरतो. सकाळी मोकळे असलेले दाणे संध्याकाळी हाताला लागतात ते त्यामुळे. ड्रायरचं तापमान वाढवून हे सुटत नाही, उलट बाहेरचं कवच आधी बंद होतं आणि आवळा करपतो.

काही जण पाण्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. त्यात घन फारसा विरघळत नाही, म्हणून गोळा होत नाही. पण मग त्यात विरघळणारा बाइंडर लागतो, आणि तो बहुधा पीव्हीपी (पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन) असतो. तुमच्याकडे आवळा आहे. पीव्हीपी आणि त्याची भावंडं टॅनिनला धरून बसतात. बिअर गढूळ होऊ नये म्हणून त्यातले टॅनिनसारखे पॉलिफेनॉल काढायला याच कुळातला पदार्थ वापरतात, यावरून त्याची पकड किती ते समजा. आवळा, हरडा, अर्जुन यांच्या गोळीत मी तो शक्यतो टाळतो. शिवाय ज्वालाग्राही द्रव, त्याला साजेसा ड्रायर, शिल्लक अंशाची तपासणी, एवढं सगळं आठ-सोळा स्टेशनच्या मशिनवाल्याने का ओढवून घ्यावं?

माझा कल कोरड्या दाण्यांकडे आहे. रोलर कॉम्पॅक्टर (कोरडी पावडर दोन रोलरमध्ये दाबणारं यंत्र) असेल तर उत्तम, नसेल तर स्लगिंग. त्याच मशिनवर मोठ्या व्यासाचे पंच लावून कोरड्या मिश्रणाच्या ओबडधोबड चकत्या काढायच्या, त्या फोडून १६ नंबरच्या चाळणीतून काढायच्या, बारीक भुकटी ६० नंबरवर वेगळी करून परत चकतीला लावायची. काम वेळखाऊ आहे, आवाज होतो, धूळ उडते. पण मालाला पाणी लागत नाही आणि वाळवणं संपतं. स्प्रे-ड्राय घन हलका आणि पिठासारखा असतो, नुसता मिसळून थेट दाबायला गेलात तर हॉपरमध्ये (मशिनच्या नरसाळ्यात) पूल धरून अडकतो आणि वजनं वरखाली होतात. ६०० मिलिग्रॅमच्या गोळीला सरासरी वजनाच्या वरखाली ५ टक्क्यांचीच मुभा असते, त्यामुळे हा टप्पा वाचवता येत नाही.

मिश्रणाचं प्रमाण मी सुरुवातीला असं घेईन: घन ३०० मिलिग्रॅम, मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज १६८, निर्जल डायकॅल्शियम फॉस्फेट ९०, क्रॉसकार्मेलोज (गोळी पाण्यात फोडणारं द्रव्य) २४, कोलॉइडल सिलिका १२, मॅग्नेशियम स्टिअरेट ६. एकूण ६००. सिलिका आधी एकट्या घनात मिसळा आणि ४० नंबरच्या चाळणीतून काढा, म्हणजे ती घनाच्या कणांवर बसेल. शेवटी घातली तर निम्मा उपयोग वाया. क्रॉसकार्मेलोज आणि स्टिअरेट निम्मं चकतीच्या आधी, निम्मं दाणे झाल्यावर. शेवटचं स्टिअरेट दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त फिरवू नका. ते दाण्यांवर मेणासारखं पसरतं, गोळी कमजोर होते आणि पाण्यात उशिरा फुटते. चिकटतंय म्हणून स्टिअरेट वाढवत जाण्याची सवय सगळीकडे दिसते, आणि 'गोळी विरघळत नाही' ही तक्रार तिथूनच सुरू होते.

घन ४५० वरून ३०० केला यावर तुमची हरकत येणार, आणि ती रास्त आहे. रुग्ण दिवसाला दोन गोळ्या घेत असेल तर ९०० मिलिग्रॅम जातात. तेवढेच ३०० च्या तीन गोळ्यांतून जातात, सकाळ-दुपार-संध्याकाळ. माझ्या मते ७५ टक्के घन असलेली गोळी पावसाळ्यात इथे टिकवायला जो खर्च येतो त्यापेक्षा तिसरी गोळी स्वस्त पडते. पण ही मात्रेची गोष्ट आहे, निर्णय तुमचा. भरण म्हणून सेल्युलोजऐवजी त्याच वनस्पतीचं बारीक चूर्ण घालायचं असेल तर तोही चांगला मार्ग आहे. संशमनी वटी (गुळवेलीच्या घनाची गोळी) करताना घन ताठ करायला गुळवेलीचं चूर्ण घालणारे वैद्य आहेतच. मात्र चूर्णातले धागे दाबल्यावर परत उसळतात आणि गोळीची टोपी उडते, आणि जंतूंचा भार घनापेक्षा जास्त असतो. २० टक्क्यांच्या पुढे मी जात नाही. यातला कुठलाही बदल परवान्यात नोंदलेल्या घटकांशी जुळला पाहिजे. पेटंट-प्रोप्रायटरी औषध असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे आधी विचारणा करा, आणि वापरलेलं प्रत्येक सहायक द्रव्य औषध नियमावलीतल्या नियम १६९ मध्ये बसतं का तेही पाहून घ्या.

'कॅप्सूलच भरू का' असा विचार मनात आलाच असेल. जिलेटिनच्या कवचात १३ ते १६ टक्के पाणी असतं. भुकेला घन ते ओढून घेतो, स्वतः दगड होतो आणि कवच तडकतं. एचपीएमसीचं (सेल्युलोजपासून केलेलं) कवच चालेल, पण तिथेही खोली कोरडीच लागते.

खोलीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. एसी लावला म्हणजे हवा कोरडी झाली असं नव्हे. एसी थोडं पाणी काढतो, पण हवा थंडही करतो, आणि थंड हवेत तेवढ्याच वाफेची आर्द्रता जास्त भरते. मी अशा खोल्या पाहिल्या आहेत जिथे २१ अंशांना कामगार कुडकुडतात आणि भिंतीवरचा काटा ६५ टक्के दाखवतो. तुम्हाला लागतो डीह्युमिडिफायर. मशिनच्या खोलीत २५ अंशांना ४० टक्क्यांपर्यंत आणता आलं तर तुमचं निम्मं दुखणं तिथेच संपेल. सगळा कारखाना कोरडा करत बसू नका. चाळणे, मिसळणे, दाबणे आणि स्ट्रिप भरणे एवढ्या खोल्या पुरेत. तेही परवडत नसेल तर शतावरी असलेल्या गोळ्या ऑक्टोबर ते मार्चमध्ये काढा आणि पावसाळ्यात दुसरं काही घ्या. बरेच जुने लोक तसंच करत आले आहेत. आणि घनाचा ड्रम थंड गोदामातून आणल्या आणल्या उघडू नका. आतला माल खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंद ठेवा, नाहीतर उघडताक्षणी पावडरीवर दव पडतं.

दाणे किती कोरडे हवेत? अशा मिश्रणात मी दोन ते तीन टक्क्यांच्या मध्ये राहतो. त्याखाली टोपी उडते, वर गेलं की चिकटतं. ओलावा मोजायच्या यंत्रावर १०५ अंश लावून घन भाजू नका. साखर करपते, त्याचंही वजन घटतं आणि आकडा खोटा येतो. तापमान कमी ठेवा आणि दर वेळी तेच ठेवा, म्हणजे निदान तुलना करता येईल.

पंचावर दवाखान्याचं नाव कोरलं असेल तर काही दिवस गुळगुळीत पंच वापरा. इंग्रजी ए, बी, आर या अक्षरांच्या बंद घरांत चिकट माल आधी अडकतो, मग पूर्ण तोंडावर तपकिरी थर चढतो. क्रोमचा मुलामा दिलेले पंच मदत करतात, पण ओल्या दाण्यांना तेही पुरत नाहीत.

विरघळण्याचं आता सोपं झालं. तुमची गोळी पाण्यात अर्धा तास ठेवून बाहेर काढा आणि ब्लेडने मधोमध कापा. बाहेर बुळबुळीत थर आणि आत कोरडा ठाक गाभा दिसला, तर पाणी आत पोचतच नाहीये. घन बाहेरच फुगून पाण्याची वाट बंद करतो, आणि गोळी फुटण्याऐवजी साबणाच्या वडीसारखी झिजत बसते. अशा वेळी फोडणारं द्रव्य दुप्पट केलं तरी ते आत उपाशीच राहतं. शिवाय ते स्वतः ओलावा ओढणारं असतं. पाणी आत न्यायला न विरघळणारं काहीतरी लागतं. सेल्युलोज आणि फॉस्फेट वर घातलं ते त्यासाठीच. शिजवलेल्या स्टार्चची खळ इथे काही करत नाही, ती फक्त चिकटवते. कठीणपणाही कमी करा, ५ ते ७ किलो पुष्कळ झाला. साध्या गोळीला पाण्यात फुटायला इंडियन फार्माकोपियात १५ मिनिटं आहेत, फिल्म कोटिंग केलेलीला ३०. घनाच्या गोळीने १५ मिनिटं गाठली तर आनंद आहे, मी स्वतः ३० च्या आत आली की पुढे जातो. गुग्गुळाच्या गोळीचं मोजमाप वेगळं, तिची तुलना इथे नको.

स्ट्रिपमधली गोळी काळी पडण्यात दोन कारणं मिसळलेली असू शकतात. ओलावा मिळाला की आवळ्यातले घटक हवेने गडद होतात, हे एक. दुसरं म्हणजे लोखंड. गंजलेली चाळणी किंवा झिजलेलं पातं असेल तर टॅनिन आणि लोह मिळून शाईसारखे काळे ठिपके पडतात. गोळी सगळीकडे सारखी गडद झाली असेल तर पहिलं, ठिपके असतील तर दुसरं. पारदर्शक पीव्हीसी ब्लिस्टरमधून पाण्याची वाफ आरपार जाते, या गोळीला तो चालणार नाही. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम घ्या, किंवा जाड डबी आणि आत सिलिका जेलची पुडी. ॲल्युमिनियमची स्ट्रिप आधीच वापरत असाल तर सील तपासा. रंगीत पाण्यात बुडवून निर्वात भांड्यात ठेवली की गळकी घरं लगेच रंगतात.

राहिला बिघडलेला माल. स्ट्रिपमध्ये मऊ आणि काळ्या झालेल्या गोळ्या टाकून द्या, त्यात वाचवण्यासारखं काही नाही. मशिनवरून उतरलेल्या पण न भरलेल्या, रंग आणि ओलावा ठीक असलेल्या गोळ्या दळता येतील. पण सगळा माल तसाच पुन्हा दाबू नका. एकदा दाबलेल्या दाण्यांची परत बांधून घ्यायची ताकद कमी झालेली असते, आणि त्यात एकदाचं स्टिअरेट आहेच. पुढच्या बॅचमध्ये १० टक्क्यांपर्यंत, चकती पाडायच्या आधीच्या मिश्रणात घाला, आणि कुठल्या बॅचमधून किती घेतला ते बॅच रेकॉर्डमध्ये लिहा. तुमच्या जुन्या गोळीत घन ७५ टक्के आहे आणि नव्यात ५०, तेव्हा दळलेल्या मालातून जास्तीचा किती घन येतो ते मोजून नव्या बॅचमधला तेवढा कमी करायला लागेल.